उतारवयातलं फॅटी लिव्हर: पोट उतरवायचं, पायांतली ताकद राखायची

पोटाची सोनोग्राफी बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी केलेली असते. पित्ताचे खडे आहेत का, लघवी का अडते, हे बघायला आण्णा जातात आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते: फॅटी लिव्हर, ग्रेड २, म्हणजे यकृतात चरबी साठलीय. मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर "वय झालं, असायचंच" म्हणून कागद कपाटात जातो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तेल बंद, दूध बंद, रात्रीची भाकर बंद. लातूर-परभणीकडच्या घरांतून मी हे दोन्ही प्रकार सतत बघते, आणि साठी-सत्तरीच्या माणसाचं नुकसान दुसऱ्या प्रकारानेही कमी होत नाही.

कारण सरळ आहे. वयाबरोबर स्नायू आपसूक झिजत असतात. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीसोबत मांड्यांचं, दंडांचं मांसही जातं. जेवणातून रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच वापरतात. ते कमी झाले की उरलेल्या साखरेची चरबी यकृतात साठायला आणखी वाव मिळतो. वर अशक्तपणामुळे पडण्याची भीती वेगळीच. म्हणून या वयात पोटाचा घेर कमी व्हायला हवा आणि पायांतली ताकद टिकायला, किंबहुना वाढायला हवी. पुढचं सगळं त्या हिशेबाने सांगते.

आधी रिपोर्टचा अर्थ लावून घ्या

सोनोग्राफीतला ग्रेड यकृतात चरबी किती दिसते ते सांगतो. यकृत कडक किती झालंय, म्हणजे आत व्रण किती पडलेत, ते त्यावरून कळत नाही. ग्रेड १ असूनही यकृत कडक झालेलं असू शकतं आणि ग्रेड ३ असूनही ते मऊ असू शकतं. पुढचा धोका ठरतो तो कडकपणावर.

याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून येतो. एसजीओटी, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे घटक) आणि प्लेटलेट (रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी) एवढे तीन आकडे हवेत. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने गुणायचं (दोन लाख असतील तर २०० धरायचे). पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. या आकड्याला फिब-४ म्हणतात.

समजा आजींचं वय ६८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट दोन लाख. ६८ गुणिले ४० म्हणजे २७२०. ३६ चं वर्गमूळ ६, त्याला २०० ने गुणलं की १२००. भागाकार येतो २.२७. पासष्टीच्या आत १.३ च्या खाली आकडा आला तर काळजी कमी. पासष्टीनंतर ही रेघ २ वर धरतात, कारण वयामुळेच आकडा वर सरकतो. आजींचा २.२७ आला, म्हणजे त्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायला हवी. इथे लक्षात घ्या, त्यांच्या एसजीओटी-एसजीपीटीकडे नुसतं बघून कुणीही "नॉर्मलच आहे" म्हणून सोडून दिलं असतं. फायब्रोस्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात जावं लागू शकतं. पण फिब-४ साठी लागणाऱ्या तपासण्या तालुक्यालाही होतात. २०२१ पासून केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात फॅटी लिव्हर घेतलेलं आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यातही हा विषय बिनधास्त काढा.

त्याच वेळी तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), थायरॉईड आणि कावीळ ब व क या तपासण्या करून घ्या. क्रिएटिनिन विसरू नका, पुढे प्रथिनं किती खायची ते त्यावर ठरणार आहे. २०२३ पासून डॉक्टरांनी या आजाराचं नाव बदलून एमएएसएलडी केलंय. कागदावर ते दिसलं तर नवीन काही झालं असं समजून घाबरू नका.

आणखी एक गोष्ट. फॅटी लिव्हर असलेल्यांना यकृतापेक्षा हृदयविकाराचा धोका जास्त असतो. "लिव्हरवर ताण नको" म्हणून बीपीची, साखरेची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे बरेच भेटतात. असं करू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी फॅटी लिव्हरमध्ये सहसा चालते.

घरात तीन मापं लिहून ठेवा

वजन, कंबर आणि खुर्ची. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. खुर्चीचं माप म्हणजे हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं आणि घड्याळ बघायचं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झालीय. तसं असेल तर वजनाचा विचार बाजूला ठेवा, आधी प्रथिनं आणि व्यायाम सुरू करा.

वजन जास्त असेल तर किती उतरवायचं? ३ ते ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. ७ ते १० टक्क्यांनी सूजही ओसरते. ७० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो. ते सहा महिन्यांत गेले तर पुष्कळ झालं. महिन्याला तीन-चार किलो उतरवून देणाऱ्या पॅकेजच्या नादाला या वयात लागू नका. अंगाने बारीक पण पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी वजनाचा काटा विसरून फक्त कंबर बघावी. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल तर आनंद मानू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिला हात साखरेवर

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. आपल्याकडे उठल्यावर चहा, आंघोळीनंतर चहा, पाहुणा आला की चहा, दुपारी झोपून उठल्यावर चहा, आणि सोबत खारी नाहीतर टोस्ट. पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम साखर. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असं म्हणतात, म्हणजे नुसत्या चहातच दुप्पट झाली. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो जवळपास सगळा यकृतातच जातो, आणि जादा झाला की तिथेच त्याची चरबी बनते. गुळाचंही तेच. गुळाचा चहा घेतला म्हणजे पथ्य पाळलं असं होत नाही, यकृताला दोन्ही सारखेच.

एकदम बंद केलं तर चार दिवसांत मोडतं. पहिल्या आठवड्यात कप दोनवर आणा, बाकी वेळी ताक नाहीतर लिंबू-मीठ पाणी. बीपी असेल तर मिठाचा हात आखडता. दुसऱ्या आठवड्यात एका कपाला एक चमचा, महिनाभराने अर्धा. चहासोबतची खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं पहिल्याच दिवशी थांबवा. मैदा, वनस्पती तूप आणि साखर तिन्ही एकत्र, आणि पोट भरत नाही ते नाहीच. त्याऐवजी मूठभर फुटाणे घ्या. दात नसतील तर डाळव्याचं पीठ ताकात कालवून घ्या.

कोल्ड्रिंक, डब्यातले रस आणि रसवंतीवरचा उसाचा रस बंद. उसाच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज असते. फळं मात्र चालतात, चावून. जालन्याची मोसंबी सोलून खा, रस काढू नका. बीडचं सीताफळ हंगामात अर्धं. केसर आंब्याच्या चार फोडी जेवणाच्या मध्ये, आमरसाची वाटी पुन्हा पुन्हा भरायची नाही. मधुमेह असेल तर याहूनही कमी.

दारू पूर्ण बंद. "थोडी चालते" असं मी कुणालाच सांगत नाही.

ताट कसं वाढायचं

ज्वारीची भाकर आपली आहे आणि चांगली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेबरोबर काढलेला 'परभणी शक्ती' वाण तर लोह आणि जस्त जास्त देणारा आहे. पण "भाकरीने साखर वाढत नाही" हा समज खोटा आहे. भाकरीत पिष्ट आहेच. तीन-चार भाकरी, वर भात आणि कोरड्यास नावापुरतं, असं ताट यकृताला परवडत नाही.

ताटाचा अर्धा भाग माळव्याचा ठेवा: शिजवलेली भाजी आणि सोबत काकडी, मुळा, गाजर असं कच्चं. तांदुळजा, चुका, अंबाडी, मेथी, करडईचा पाला, जे बाजारात येईल ते. पाव भाग भाकरीचा, म्हणजे बैठ्या माणसाला एका वेळी मध्यम आकाराची दीड भाकर. भात हवाच असेल तर भाकर अर्धी करा. उरलेला पाव भाग प्रथिनांचा, आणि नेमका हाच आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटात रिकामा असतो.

मूत्रपिंडं ठीक असतील तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ऐकायला जास्त वाटतं, म्हणून हिशेब मांडते. मध्यम दोन भाकरींतून बारा ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरणातून तेरा. मटकीच्या एका वाटी उसळीतून सात. दिवसभरात दूध, दही मिळून दीड पेला, त्यातून दहा. शेंगदाणे किंवा फुटाणे मूठभर, पाच. झाले ४७. उरलेले बारा-तेरा दोन अंड्यांतून, नाहीतर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून येतात. माळकरी घरात वड्या किंवा घरचं पनीर, इतरांकडे अंडी, चिकन, मासे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करायचा.

वरण पाण्यासारखं पातळ करण्याची आपली सवय या ठिकाणी आड येते. लातूरची तूरडाळ सगळीकडे जाते आणि आपल्याच घरात आजीच्या वाटीत नुसतं वरचं पाणी. डाळ घट्ट वाढा. दात नसतील तर हुलग्याचं माडगं आणि मऊ पिठलं आहेच. येसर आमटी आवडत असेल तर खुशाल करा, पण ती डाळीची जागा घेत नाही. तिच्यासोबत उसळ हवी.

प्रथिनं तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्या. सकाळी नुसती चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा घेतला की निम्मा दिवस तसाच जातो. सुशीलेत मोडाची मटकी आणि शेंगदाणे घाला, सोबत दही घ्या. धपाटे करायचे तर पिठात बेसन आणि मेथी भरपूर घाला, तव्यावर तेल एकच चमचा सोडा.

तेलाबद्दल एवढंच: घाण्याचं करडईचं तेल चांगलं, पण चांगलं तेलही मोजूनच. माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या वर जाऊ देऊ नका, अर्ध्या लिटरपर्यंत आणता आलं तर उत्तम. एकच तेल धरून बसायची गरज नाही. शेंगदाण्याची चटणी चमचाभर ठीक, वाटीभर नाही. जवसाची चटणी रोज चमचाभर घ्या, तिच्यातली चरबी चांगल्या जातीची असते. भजी, पापड, फरसाण तळणीतून काढून सणापुरते ठेवा.

आण्णांसाठी वेगळी भाजी, वेगळं वरण असं करू नका. स्वयंपाक करणारीचं काम दुप्पट होतं आणि पंधरा दिवसांत पथ्य मोडतं. घरातल्या सगळ्यांनीच हे खावं. पन्नाशीच्या मुलाच्या यकृतातही तेच सुरू असण्याची शक्यता बरीच असते.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-अडीच तास, म्हणजे शक्यतो साडेसातच्या आत. जेवण टाळायचं मात्र नाही.

उपास, सण आणि वेळ अमावस्या

एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार. श्रद्धेला हात लावायचा नाही, ताटाला लावायचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात तेल-तूप आणि बटाटा आला की उपासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच पोटात जातं. वाटीभर भगर, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि राजगिऱ्याची भाकर असं ताट करा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

वेळ अमावस्येचं वनभोजन मात्र मनसोक्त खा. लातूर-धाराशिवकडच्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या असतात, सोबत ताकातली आंबील. डाळी, भाज्या आणि ताक यांचा याहून चांगला मेळ शोधूनही सापडायचा नाही. हात फक्त खिरीवर आखडायचा. हुरड्याचंही तसंच. हुरडा खा, त्याच्यासोबतचा गूळ आणि शेव टाळा.

चालणं

वजन तसूभरही न उतरता नुसत्या नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. आठवड्याला १५० मिनिटं हे उद्दिष्ट. पहिल्या दिवशी अर्धा तास नको. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेग असा हवा की सोबत्याशी बोलता यावं, पण अभंग सलग म्हणताना दम लागावा. जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली यात धरा, जेवणानंतर वाढणारी साखर तिने आटोक्यात राहते.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. तेव्हा सकाळी सातच्या आत परत या, नाहीतर देवळाच्या सभामंडपात किंवा घरातच फेऱ्या मारा. पाणी पिऊन निघा. चपला फटक-फटक वाजवत चालू नका, मागे पट्टा असलेलं पायताण किंवा बूट घाला. पहाटे कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की बसायचं आणि ती चघळायची. चालताना छातीत दाटलं किंवा वेगळाच दम लागला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

"आम्ही शेतात राबतो की" असं उत्तर नेहमी मिळतं. खुरपणी, काढणीच्या दिवसांत ते खरंच असतं. पण सत्तरीत बरेच जण वावरात राखणीला बाजेवर बसलेले असतात, आणि काढणीनंतर पुढचे काही महिने तेवढंही नसतं. वारीचंही तसंच. पंढरपूरपर्यंत पायी जाणारी माणसं मला मनापासून वंदनीय वाटतात, पण आषाढातलं चालणं कार्तिकापर्यंत यकृताला पुरत नाही.

ताकदीचे व्यायाम, एक दिवसाआड

हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि या वयात तोच सगळ्यात जास्त लागतो. जिम नको. बिनहातांची एक घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा. पावलं खांद्याएवढी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. अंग पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की श्वास सोडत उठा. खाली बसताना धप्पकन नाही, मनात तीन मोजत हळूहळू. ताकद वाढते ती या सावकाश बसण्यात. गुडघे दुखत असतील तर बैठकीवर गोधडीची घडी ठेवून उंची वाढवा, सुरुवातीला हाताचा आधारही घ्या. पाच वेळा करून थांबा, दोन मिनिटांनी पुन्हा पाच. महिन्याभरात दहा-दहाच्या दोन फेऱ्या जमतात. श्वास रोखून धरू नका, बीपी चढतं.

त्यानंतर भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं पुढे-मागे, आठ-दहा वेळा. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, दोन्ही हातांत एकेक धरून कोपरातून वर. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचला आणि खाली ठेवा. शेवटी ओट्यापाशीच एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद तोल सांभाळा, हे जमलं की एका पायावर. सगळं मिळून वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून येतील, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो प्रकार सोडून बाकीचे करा.

काढे, गोळ्या, कॉफी

यकृत साफ करणारा काढा म्हणून काहीही घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल रोज घेतलेल्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आधीच आजारी असलेल्या यकृतावर असे प्रयोग नकोत. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. त्या काही ठरावीक रुग्णांनाच देतात आणि वयस्क पुरुषांत प्रोस्टेटचा धोका बघावा लागतो. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं डॉक्टरांनी दिली तरी प्रथिनं आणि खुर्चीचा व्यायाम सोडायचा नाही, कारण त्यांत स्नायूही घटतात.

कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात. आवडत असेल तर बिनसाखरेचे दोन कप दिवसा घ्या. झोप उडत असेल किंवा धडधडत असेल तर नको, आणि चहा पिणाऱ्याने मुद्दाम सवय लावून घ्यायची गरज नाही.

पुढची तपासणी आणि थांबायच्या खुणा

तीन महिन्यांनी कंबर आणि खुर्चीचं माप बघा. सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि फिब-४ पुन्हा. सोनोग्राफी दर महिन्याला करून काही साधत नाही. कंबर दोन-तीन सेंटिमीटर उतरली आणि पाच उठाबशांचे सेकंद कमी झाले तर काटा जागचा हलला नसला तरी तुम्ही बरोबर चाललाय.

डॉक्टरांनी आधीच सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत पार कडक झालेलं, सांगितलं असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे चला. त्या अवस्थेत उपास बिलकूल नको, प्रथिनं कमी करायची नाहीत आणि रात्री झोपण्याआधीही थोडं खायचं असतं.

पोट फुगून घट्ट होणं, दोन्ही पायांवर सूज, डोळे पिवळे होणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण तो विचार दवाखान्यात पोचल्यावर करा.